सातवीचं डोकं

“देव्हाऱ्यातला नारळ असल्यागत जपती बया डोकं! हात लावला म्हंजी काय झिजतंय का?”

पत्र्याच्या आडभिंतीपलीकडे तुळाजीमामा यमगर कुरकुरत होते. अलीकडे सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या डॉ. हेमलता उकिडवे यांना शब्दन् शब्द ऐकू आला. शेळवडी पठारावरच्या म्हैसवंश केंद्रात प्रयोगशाळा आणि गोठा यांच्यात तेवढा एकच पत्रा होता, आणि सगळ्या केंद्रात माणसं दोनच. पूर्वी चौदा होती. मग यंत्रं आली आणि माणसं गेली. यंत्रांना शेणाचा वास येत नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा.

मामांची तक्रार सातवीबद्दल होती. म्हशींच्या सात पारडांपैकी सहा खरारा दिसला की डोकं पुढे करून उभी राहत. सातवी मात्र हात डोळ्यांच्या वर गेला की मान झटकून मागे सरे. वर्षाची होत आली तरी तेच.

“मामा, पुरे आता. पाहुणे येतायत.”

“म्हणूनच तर घासतोय.” खरारा सातवीपाशी येऊन थांबला. “पर हिचं ऱ्हाऊ द्या. हिचं ऱ्हाऊच द्या.”

हेमलताबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली. पडद्यावर रेवाचा सकाळचा निरोप येऊन पडला होता.

रेवा, त्यांची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांपूर्वी मंगळावरच्या अरुणवस्तीत गेली. निरोप जायला कधीकधी अठरा मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी अठरा. एवढ्या अंतरात गप्पा होत नाहीत. हेमलताबाई निरोप पाठवत, चहा टाकत, पीत, कप विसळत, आणि तरीही बसायला वेळ उरे. ‘आई, जेवलीस का?’ या प्रश्नाचं उत्तर वर पोचेपर्यंत इथे ताटातलं खरकटं वाळलेलं असे. त्या उरलेल्या वेळात बाई कधीकधी मोठ्याने बोलत. मामांना वाटे, रेड्याशी बोलतात.

“आई, तुझी खोली ठरली,” रेवा पडद्यावर सांगत होती. “माझ्या शेजारचीच. भिंती मऊ आहेत इथल्या, टेकून बसलं की गादीसारखं वाटतं. बस, आज काझींनी सही केली की झालं! आणि मनगटावरचा तो डाग गेला नाही अजून? इस्त्री जपून करत जा गं.”

हेमलताबाईंनी बाही खाली ओढली.

म्हशींचा वंश घेऊन वस्तीकडे निघणाऱ्या खेपेत माणसासाठी जागा एकच होती, म्हशींच्या जाणकाराची. खेप मंजूर झाली तर ती जागा त्यांची. नाही झाली, तर दोन्ही ग्रह पुन्हा सोयीच्या अंतरावर येईपर्यंत सव्वीस महिने थांबायचं. प्रवासाला वयाची अट साठची होती, आणि बाईंना एकोणसाठावं लागून पाच महिने झाले होते.

डॉ. इर्शाद काझी दहाच्या सुमारास आले. माणूस मूळचा रत्नागिरीचा, वस्तीच्या भिंती तपासणं हे त्याचं काम. म्हशी त्याला फक्त भिंतींच्या संदर्भात कळत. त्याने पिशवीतून पांढुरक्या कापडाचा हातभर तुकडा काढला.

“हे फुगघराचं पटल, उकिडवेबाई. तीन पदरी आहे. आतल्या हवेच्या दाबावर फुगून उभं राहतं. दोनशे बारा माणसं याच्या आत झोपतात. वाळूच्या वादळाला हे दाद देत नाही. पण तुमची एखादी शिंगवाली आहे का इथे?”

मामांनी एक जुनी म्हैस धरून आणली. काझींनी पटल ताणून तिच्यासमोर धरलं. म्हशीला ते आवडलं नाही. तिने मान एकदाच हलवली, फार काही मनावर न घेता. शिंग पापडातून जावं तसं आरपार गेलं.

“इतकंच,” काझी म्हणाले. “बाहेर हवा जवळजवळ नाहीच. एवढ्या भोकाने खोली रिकामी व्हायला काही मिनिटं पुरतात. झोपलेला माणूस उठत नाही.”

“मग न्यावंच कशाला जनावर?” मामांनी विचारलं. “कोंबड्या न्या की.”

“कोंबडी काड खात नाही, मामा. गव्हाचं काड तिथे ढिगाने पडतं. नुसत्या काडावर गाईपेक्षाही चांगलं मांस करील असं जनावर म्हैसच. अकरा वर्षं शेवाळाच्या वड्या खातायत लोक तिथे. माझी सख्खी बहीण आहे त्यांच्यात. तिला विचारलं काय आणू, तर म्हणाली, रस्सा.”

“आणि पारडांची कोवळी शिंगं तिथेच डागून खुंटवली तर?” हे बाईंनी विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“आत विस्तव नाही. ठिणगीसुद्धा नाही. म्हणून तर जन्मतः भुंडी हवीत. आता तुमची बाजू मला एकदा साध्या भाषेत सांगा. अहवालात लिहायचीय.”

हेमलताबाई शिकवताना नेहमी सांगत, तसंच त्यांनी सांगितलं. “प्रत्येक जनावराकडे शिंगांबद्दलच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक बापाची. भुंडेपणाची चिठ्ठी मोठ्या आवाजाची. दोन्हींपैकी एक जरी तशी असली तरी शिंगं येत नाहीत. म्हणजे भुंडा रेडा दोन प्रकारचा असतो. दोन्ही चिठ्ठ्या भुंडेपणाच्या, तो शुद्ध. एक भुंडेपणाची, एक शिंगांची, तो मिश्र. दिसायला दोघे सारखेच. पण बाप शुद्ध असेल तर आई कशीही असो, पोर भुंडंच होणार. म्हणून वस्तीसाठी शुद्ध रेड्यांचंच रेत गोठवून न्यायचं. नात्यात नातं होऊ नये म्हणून किमान सहा रेडे. पाच ठरलेत. सहावा हा आमचा भुंडोजी, या सात पारडांचा बाप.”

“आणि शुद्ध आहे हे कळतं कसं? जनुकं तपासून?”

“गायींमध्ये ती जागा सापडलीय. म्हशीत आमचा शोध अजून चालूच आहे. तोवर जुनी रीत. रेडा शिंगवाल्या म्हशींना द्यायचा. मिश्र असेल, तर प्रत्येक पारडू म्हणजे नाणं उडवणं, शिंगं येतील किंवा नाही येणार. सातही भुंडी निघाली तर तो शुद्ध मानायचा.”

“सातच?”

“नियमात सात आहे. पण खरं सांगायचं, तर शंभर भुंडी पारडंही पक्कं सिद्ध करत नाहीत.” त्यांचा आवाज किंचित उतरला. “उलट मात्र एकच पुरतं. एक शिंगांचं निघालं की संपलं.”

“आणि हे रेत टिकणार किती?”

“चाळीस वर्षं.”

काझींनी ते लिहून घेतलं. “म्हणजे तुम्ही आम्ही नसू तेव्हाही हा रेडा बाप होत असेल. आणि शुद्धतेचा दाखला असल्यावर पारडांची डोकी कोण चाचपणार?”

चाळीस. बाईंना हा आकडा पाठ होता. वर्षभर तो त्यांनी एका वाक्याखाली दाबून ठेवला होता: मी असेनच की तिथे, ठेवीन लक्ष. नव्याण्णव वर्षांची मी, असं त्यापुढे कधी म्हणून पाहिलं नव्हतं.

तिघे गोठ्यात आले. कोपऱ्यात भुंडोजी रवंथ करत बसला होता, काळाभोर, गुळगुळीत डोक्याचा, एखाद्या निवृत्त हेडमास्तरांसारखा. नापास रेडा केंद्र ठेवत नसे, तो कसायाकडे जाई; मांसाच्या वंशात त्याची दुसरी वाटही नव्हती. मामा त्याच्या आणि काझींच्या मधे उगाचच उभे राहिले. त्यांच्यामागे खुंटीवर कोवळी शिंगं जाळायची लोखंडी डागणी टांगलेली होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. या केंद्रात ती लागायची नाही, म्हणून शोभेला ठेवलेली.

काझींनी एकेक डोकं नीट चाचपलं. पहिलीने त्यांचा हात चाटला. चौथ्याने बाहीचं बटण तोडलं.

“गिळलं बघा त्येनं,” मामा म्हणाले. “उद्या दुपारच्याला परत मिळंल.”

काझी हसले आणि सातवीकडे वळले. ती मागे सरली, भिंतीला टेकली, थरथरली. त्यांनी एका हाताने तिची हनुवटी धरली, दुसरा डोक्यावर ठेवला. बोटं केसांतून सरकली आणि एका जागी थांबली. मग दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, पुन्हा थांबली.

मामा आढ्याकडे पाहू लागले.

काझींनी हात काढून घेतला. रुमालाने पुसला, मग नुसताच पुसत राहिले. “हिची कातडी जरा जाड दिसते,” ते म्हणाले.

“व्हय,” मामा म्हणाले. “जाडच हाय.”

“जन्मतःच असेल.”

“आसंल.”

यान इंधन भरून उभं होतं. रस्शाची वाट बघणारी बहीण होती. काझींनी अहवालाची इलेक्ट्रॉनिक पाटी उघडली आणि शेवटच्या रकान्याशी आले. इथे केंद्रप्रमुखाने तोंडी उत्तर द्यायचं असे. पाटी ते ध्वनिमुद्रित करी.

“सातही पारडं जन्मतः भुंडी आहेत.” त्यांनी मान वर केली नाही. “नुसतं हो म्हणा, उकिडवेबाई. आता फार काही बोलू नका.”

“मी पेंड बघून येतो,” मामा म्हणाले; पण गेले नाहीत.

सातवी भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या कापडाच्या तुकड्याकडे. भोक पडलेलं ते पटल काझींच्या पिशवीतून बाहेर लोंबत होतं. भिंती मऊ आहेत, आई. टेकून बसलं की गादीसारखं वाटतं.

त्यांनी हात पुढे केला. बाही वर सरकली आणि मनगटावरचा तो अर्धगोल डाग उघडा पडला, खुंटीवरच्या डागणीच्या कडेच्या मापाचा. त्यांनी या वेळी तो झाकला नाही.

“सहा,” त्या पाटीकडे वाकून स्पष्ट म्हणाल्या. “सहा भुंडी. सातवीला शिंगं येत होती. दहाव्या दिवशी मामा बाजाराला गेले होते. तेव्हा मी डागली.”