तिसऱ्या कॅमची झीज

“गप ऱ्हाय. आयक.”

भिकन उस्तादांचा हा आवाज निंबाच्या कानात वीस वर्षांपासून होता. खान्देशातून नवाच सुरतेला आलेला निंबा. उस्तादांनी हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवलं आणि मूठ त्याच्या कानाला लावली. त्या लाकडी मुठीतून इंजिनाचं पोट बोलायला लागलं. झिजलेला कॅम, म्हणजे झडपा उघडणारा फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, कसा खोकतो, ते निंबा त्या दिवशी शिकला.

आता उस्ताद नव्हते. चौऱ्याण्णवला प्लेगच्या भीतीनं अर्धं सुरत स्टेशनाकडे धावलं, त्याच आठवड्यात ते लिंबायतच्या या शेडमध्ये तापानं गेले. त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, तेव्हा पारोळ्याला होत्या. निंबानं त्यांना सांगितलं होतं, उस्ताद झोपेतच गेले, शेवटपर्यंत मी उशाशी होतो. त्या एका वाक्याच्या आधारावर काकूंनी दोन वर्षं काढली. निंबाला त्या लेक मानत, रोज डबा आणत, आणि येत्या आखाजीला, अक्षय तृतीयेला, शेड त्याच्या नावावर करणार होत्या.

चैत्र लागला तसे कामरेजचे प्रफुल्लभाई आले. वडिलांच्या हौसेची जुनी विलायती गाडी, लाल, दोनच सीटची. तिचा कॅमशाफ्ट, आठ कॅमांचा दांडा, उस्तादांच्या हातून अर्धा राहिला होता. आठांतले दोन कॅम त्यांनी भरले होते. तिसऱ्याला हात घातला आणि ताप चढला. उरलेले सहा निंबानं पुरे केले. आधी वेल्डिंगचा थर, मग ग्राइंडरवर घासणं, मग तेल लावून दगडानं गुळगुळीत करणं. मायक्रोमीटरनं एकेक टोक तीनतीनदा मोजलं. केसाचाही फरक नव्हता.

चार दिवसांत गाडी परत आली.

“निंबाभाई, घोडो पाछो लंगडायो,” प्रफुल्लभाई हसत म्हणाले.

निंबानं झाकण उघडलं. सात कॅम आरशासारखे होते. तिसरा मिलिमीटरचे सात शतांश झिजलेला. तेल पोचत होतं, कॅमवर टेकणारं टॅपेट धड होतं. त्यानं जास्त कडक थर भरून दिला. आठवड्यानं गाडी पुन्हा दारात. तोच कॅम, तेवढीच झीज. सात शतांश.

बुधवारी लिंबायतची वीज बंद असे. माग थांबत, गल्ली मुकी होई. इंजिन ऐकायचं काम निंबा बुधवारावर ठेवी. भर दुपारी त्यानं गाडी चालू केली आणि उस्तादांच्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली. झिजलेला कॅम एकसारखा वाजत राहतो. हा तसा वाजत नव्हता. तीन ठोके, मग थांबा. पुन्हा तीन ठोके. पत्र्याच्या दारावर बोटांच्या पेरांनी मारावेत तसे.

त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

ठोके चालूच राहिले.

त्यानं शाफ्ट उतरवला, पुसला, लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला. आता त्याला फिरवणारं काही नव्हतं. लोखंड पार गार होईपर्यंत तो समोर बसून राहिला. मग टोक तिसऱ्या कॅमवर ठेवलं.

तीन ठोके. थांबा. त्या थांब्यात कुणीतरी घशातून श्वास ओढत होतं.

काकू डबा घेऊन आल्या तेव्हा तो भिंतीला पाठ लावून बसला होता.

“काय रे भाऊ, गाडीनी लाथ मारी का?”

हात लावू नका, एवढंच तो कसंबसं म्हणाला. पण ते नवऱ्याच्या हातचं हत्यार. काकूंनी जमिनीवरून स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि जन्मभर त्यांना करताना पाहिलं होतं तसं टोक शाफ्टवर टेकवून मूठ कानाला लावली.

चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं.

“निंबा, हाई कोन बोली ऱ्हायनं?”

तो भिंतीला धरून उठला.

“कडी काढ म्हनस.” काकूंनी कानावरची मूठ हलवली नाही. “तुन्हं नाव ली ऱ्हायना.”

निंबानं दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. बाहेर पांढरं ऊन, आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

“काकू,” तो म्हणाला, “मी गावले निंघनू तवय उस्ताद जित्ता व्हतात. ते मन्हा मांगे येतीन, म्हनीसन भाईरथीन कडी मी लायी.”