अकरा वाजताची पट्टी

अरुणाबाईंचा नवऱ्यावर एकच राग होता. माणूस सांगितलेलं ऐकायचा नाही.

मेल्यावरही ऐकलं नाही.

कुणाला पटो न पटो, हे घडलं आहे. लेस्टरमध्ये, याच फेब्रुवारी-मार्चमध्ये, भर दिवसा.

कमलाकरराव हॉस्पिटलात सुतार होते. रिटायर झाल्यावर गराजमध्ये गिटार बनवायचे. नात तनूच्या गिटारच्या नेकसाठी, म्हणजे ज्यावर तारा ताणतात त्या लांब दांड्यासाठी, त्यांनी मेपलचं लाकूड आणलं. वाघाच्या अंगासारखे पट्टे. बघतच राहावं असं.

अरुणाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या, पण सुताराची लेक.

"अहो, नेकला सरळ रेषेचं लाकूड घ्यावं. हे नटवं आहे. दमट हवेत एकीकडे ओढणार, हीटिंग लावलं की दुसरीकडे. तारांचा ताण काय झेलणार, कपाळ?"

"दिसतं किती छान," ते म्हणाले.

झालं. नेक वाकला.

मग दर रविवारी अकराला ते नेकवर स्टीलची पट्टी उभी धरायचे. पट्टीखालून उजेड दिसतो का बघायचे. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायचे आणि किती वाकला तेही. शेवटची नोंद आठ फेब्रुवारी. दीड मिलिमीटर.

दहा तारखेला ते गेले.

अरुणाबाई रडल्या नाहीत. आलेल्यांना खुर्च्या दिल्या, चहा केला, भांडी घासली. आतून काही येतच नव्हतं.

गराजला कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

मार्चमधल्या पहिल्या शनिवारी तनू कार्डिफहून आली.

"आजी, तो नेक मला दे ना. आजोबांची लास्ट वस्तू आहे. पण माझा गिटारवाला म्हणतो, अजून वाकडा असला तर बिनमध्ये फेकावा लागणार."

"आधी बघ तरी."

कुलूप काढलं. तनूने नेक उलटा केला...

पंधरा फेब्रुवारी. एक मिलिमीटर.

बावीस फेब्रुवारी. अर्धा.

एक मार्च. शून्य.

अक्षर त्यांचंच. दोनाची शेपटी लांब ओढलेली.

तनूने पट्टी ठेवली. खालून उजेड आला नाही.

"आजी... असं लाकूड आपोआप सरळ होत नाही."

"मला शिकवू नकोस. घेऊन जा."

ती संध्याकाळच्या ट्रेनने घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. अरुणाबाई किचनमध्ये चहा घेऊन बसल्या होत्या. अकरा वाजले.

गराजमधून आवाज आला... टक्.

लाकडावर पट्टी ठेवल्यासारखा.

पण लाकूड तर कार्डिफला होतं.

मग चपला ओढत कुणीतरी किचनपर्यंत आलं. थांबलं.

फ्रिजची घरघरही बंद.

आणि अरुणाबाईंच्या पाठीला, मानेपासून कमरेपर्यंत, काहीतरी टेकलं...

थंड. सरळ.

तेव्हापासून त्या दर रविवारी भिंतीला पाठ लावून बसतात. पण त्या दिवशी मागे वळून पाहिलं नाही. कप बशीत ठेवला. थोडा चहा सांडला, तेवढंच.

"अहो," त्या म्हणाल्या, "नेक सरळ केलात, पोरीला मिळाला. लाकूड मात्र चुकीचंच घेतलं होतंत. आणि मला मोजायचं काही कारण नाही. मी वाकलेली नाही."