पलीकडच्या बाजूची टणटण

तो पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा धुक्यात त्याचे पायसुद्धा दिसत नव्हते. दिसली ती फक्त लांब दांड्याची हातोडी. मला वाटलं, आजोबाच आले... आणि माझ्या हातातला कप निसटून फुटला.

आजोबांना जाऊन थोडेच दिवस झाले होते.

"सॉरी. नवा कप आणून देतो," तो म्हणाला. "पण आधी एक विचारू? हसणार नसाल तर."

"विचारा. हसायचं की नाही ते माझं मी बघेन."

"मी स्टेशनवर नवीन आलोय. गाडीची चाकं ठोकून तपासतो. मी अलीकडून ठोकत जातो, तर... पलीकडून कुणीतरी ठोकत येतं. मी थांबलो की तेही थांबतं. वाकून बघितलं, तर कुणीच नाही. स्टेशनात सगळे म्हणाले, त्या घरी जाऊन विचार."

मला हसू आलं नाही. अंगावर काटा मात्र आला.

आजोबांनी निवृत्त होईपर्यंत तेच तर केलं होतं. गाडी उभी राहिली की एकेका चाकावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. टण वाजलं तर चाक धडधाकट. बद्द वाजलं तर तडा, गाडी थांबवा! नोकरी सुटली, सवय सुटली नाही. ताटं, दारं, पाहुण्यांचे गुडघे, सगळं ठोकून बघायचे. मला मागणी घालायला आलेल्या एकाच्या गुडघ्यावर टिचकी मारून त्यांनी "बद्द!" असं जाहीर केलं, तेव्हा तो बिचारा चहा न पिताच उठला. स्टेशनभर त्यांना टणटणदादा म्हणत. त्यांची उजवी करंगळी अर्धीच होती, आणि उरलेली कुठे गेली याची प्रत्येकाला वेगळी गोष्ट. मला सांगायचे, "आजीकडे ठेवायला दिलीय. जाताना परत घेईन." त्यांना निरोप द्यायला आलेली माणसं एकमेकांना करंगळीच्याच गोष्टी सांगत रडता रडता हसत होती.

आजी आतून आली. सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "टण वाजतं ना? मग कशाला घाबरतोस? ह्यांनी आयुष्यात एकदाच खोटं बद्द वाजवलं... माझ्यासाठी."

लग्नाआधी आजी एकदा नोकरीसाठी गाव सोडून निघाली होती. आजोबांच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्यांनी तिच्या गाडीच्या चाकावर तळहात दाबून धरला आणि ठोकलं. हात दाबला की चांगलं चाकही बद्द वाजतं! गाडी थांबली, साहेब धावले, आणि आजोबा तिच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "चाकाला काही झालं नाही. तू गेलीस तर मला तडा जाईल."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळची स्टेशनवर जाऊ लागले. धुक्यात अलीकडून त्याची टण, पलीकडून... दुसरी टण. भीती वाटायची, आणि ती दुसरी टण थांबू नये असंही वाटायचं.

"रोज येता ते भूत ऐकायला, की मला बघायला?"

"भूत ऐकायला. ते निदान वेळेवर येतं."

"आणि मी?"

"तुम्ही आधी कप आणून द्या."

त्याने कप आणला. निळा. हातात देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळली, आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी उगाचच एक टण वाजवली. आम्ही दोघंही दचकून मागे सरलो.

मग त्याची बदली झाली. लांब.

निघायच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की इंजिन नुसतं ऐकू येत होतं. तो डब्याच्या दारात. त्याच्या जागी आलेला माणूस माझ्या शेजारी, हातोडी खांद्यावर टाकून.

"काही बोलायचंय का?"

"हो... डबा आठवणीने खा."

आजोबांचीच नात मी. थट्टा हवी तेवढी येते. खरं बोलायची वेळ आली की जीभ उचलत नाही. गार्डाची शिट्टी झाली. मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

आणि पलीकडून आवाज आला. टण... टण... जवळ जवळ येत. नव्या माणसाने खांद्यावरच्या हातोडीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज आमच्या डब्याशी आला.

बद्द.

गार्डाने लाल झेंडी धरली. डब्याच्या दारातून खाली उडी मारून, नव्या माणसाची हातोडी घेऊन तो पलीकडे धावला, मागोमाग मी. तिथे कुणीच नव्हतं. त्याने चाक ठोकलं. टण. पुन्हा ठोकलं. टण.

"चाक तर चांगलं आहे," तो पुटपुटला. "मग गाडी कुणी..."

माझ्या मानेवरून गार शहारा गेला. पण जीभ सुटली.

"माझ्यासाठी थांबलीय. तू जाऊ नकोस... म्हणजे जा, पण परत ये. तू आला नाहीस तर मला तडा जाईल रे!"

तो बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठांवर हसू.

"येतो. आज पोचलो की उद्याच परत बदली मागतो. आलो की आधी माझा गुडघा ठोकून बघ."

मी हसून चाकाला टेकणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला. "थांब. हे बघ."

दंवाने भिजलेल्या चाकावर एका रुंद तळहाताचा कोरडा ठसा होता. ताजा.

करंगळी अजून अर्धीच होती.