गच्चीवरचा कोहळ्याचा मांडव

तो पहिल्यांदा गच्चीवर आला तेव्हा त्याच्या हातात ओली उशी होती.

"इथल्या बाई कोण?"

"मी."

"मग ही घ्या. उशी माझ्या आईची. पाणी तुमच्या भोपळ्याचं."

"भोपळा नाही, कोहळा आहे," पुढच्या स्टुलावरची एक मुलगी म्हणाली, आणि सगळा वर्ग खिदळला. तोही हसला... रागावून आलेल्या माणसाने एवढ्यात हसू नये. मी उशी घेतली आणि पिळून दोरीवर टाकली.

चिनी किनाऱ्यावरच्या कौलूनमध्ये तेव्हा जळलेल्या झोपड्यांतल्या माणसांसाठी सात मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. एका कुटुंबाला एक खोली, मजल्याला मिळून नळ, आणि मुलांची शाळा गच्चीवर. नुसतं सिमेंट. मे महिन्यात पोरांचे तळवे भाजायचे. म्हणून मी त्यांना मागच्या टेकडीवर नेलं. पोरांनी आपल्या डब्यांतून माती आणली, आम्ही रॉकेलचे रिकामे डबे भरले, बांबू उभे केले, दोऱ्या ताणल्या. पहिल्याच वर्षी कोहळ्याचा नि कारल्याचा मांडव झाला. त्या अख्ख्या वसाहतीत पोरांना बसायला हिरवी सावली होती ती एवढीच. आणि तिच्या बरोब्बर खाली, सातव्या मजल्यावर, त्या उशीवाल्याचं, किन-फायचं घर होतं.

पुढच्या रविवारी तो डांबराचा डबा घेऊन आला.

"गच्चीतली भेग बुजवतो. झाडं सरकवा."

"तुम्हाला येतं हे?"

"मी प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात आहे, बाई. वितळवून चिकटवणं एवढंच तर येतं." आणि मग, कारल्याच्या वेलीकडे बघत, "आमच्या फुलांना पाणी लागत नाही. गळत नाहीत. मरत नाहीत."

"आणि त्यांना कारली लागतात का?"

"तेवढंच राहिलंय," तो म्हणाला.

भेग काही नीट बुजली नाही. दर आठवड्याला तिची तब्येत पाहायला त्याला वर यावं लागे. मुलं त्याला दादा म्हणू लागली. मी त्याला 'तुम्ही' म्हणायचं कधी सोडलं, आता आठवत नाही.

त्रेसष्ट साली पाऊस रुसला. नळाला चार दिवसांआड पाणी, तेही काही तास, आणि वरच्या मजल्यापर्यंत धार चढतच नसे. मग किन-फाय जिन्याच्या कठड्यावरून ओरडायचा, "ए खालचे! नळ बंद करा की!" असा काही ओरडायचा की समोरच्या इमारतीतलेही नळ बंद व्हावेत. मी पोरांच्या हात धुतलेल्या पाण्यावर वेली जगवत होते.

एके दिवशी तो वर आला, चेहरा गंभीर.

"बाई, आमच्याकडे ठिबकायचं बंद झालंय. आई काळजीत आहे."

"का?"

"म्हणते, वर त्या पोरीच्या वेली मेल्या वाटतं." आणि त्याने पाठीमागून अर्धी बादली पुढे केली. भाज्या धुतलेलं पाणी होतं. "तिनेच पाठवलंय. मी नुसता हमाल."

"हमालाला काय द्यायचं?"

"हात दाखवा."

माझं मनगट मातीने भरलं होतं. त्याने स्वच्छ पाण्याची छोटी बाटली काढली – त्याच्या वाट्याचं प्यायचं पाणी – आणि थोडं थोडं ओतून बोटाने माती पुसत राहिला... मी म्हटलं, "अरे, वाया जातंय." तो म्हणाला, "वाया नाही जात." मुलं पाठांतर करायची थांबली होती. मी ओरडले तेव्हा कुठे पुन्हा सुरू झाली.

वेली जगल्या.

पुढच्या वर्षी वादळं आली ती एकामागून एक. तलाव भरले, आणि त्याच्या घराचं छतही. एके सकाळी गिलाव्याचा तुकडा त्याच्या आईच्या अंथरुणाशेजारी पडला. वसाहतीच्या कार्यालयातून कोकसाहेब पाहणीला येणार असं कळलं. मी घाबरले. किन-फाय म्हणाला, "मी सांगेन, गळत नाही. एक थेंब नाही."

"नक्की?"

"सिम," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. "तुझा मांडव मी जाऊ देईन का?"

कोकसाहेब आले, छत्री काखेत. मुलं मांडवाखाली ताठ उभी. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि किन-फायला सरळ विचारलं, "गळतं का? गळत असेल तर खोली राहायच्या लायकीची नाही. तुम्हाला नव्या इमारतीत जागा देऊ. मोठी आहे. स्वतःची गॅलरी, गॅलरीत स्वतःचा नळ. फक्त ही माती इथून हलवावी लागेल. गळत नसेल तर माझं काम संपलं."

किन-फायने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे.

"गळतं," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. म्हणून तर त्याला बोल लावायलाही जागा राहिली नाही.

शनिवारी आम्ही वेली कापत होतो तेव्हा तो आला. मुलं डब्यांत माती भरून जिना उतरत होती. एकही त्याच्याशी बोललं नाही.

"सिम, ऐक ना. त्या खोलीत आम्ही नऊ माणसं झोपतो. तुला आणणार कुठे होतो मी? आईच्या पायथ्याशी?"

इतक्या काळात हे त्याने आज पहिल्यांदा म्हटलं होतं. माझ्या हातात कोयता होता.

"हे आधी का नाही बोललास?"

"बोलायला जागाच नव्हती. साहेब म्हणाले तेव्हा सुचलं."

"तेव्हा मी तुझ्यासमोर उभी होते. दोन पावलांवर."

मग तो हळूच म्हणाला, "विचारलं असतं... तर काय म्हणाली असतीस?"

"म्हटलं असतं, गळतं असंच सांग. आईने आणखी किती वर्षं ओल्यात झोपायचं? पोरांना मी समजावलं असतं. आपण दोघांनी."

त्याचा चेहरा उजळला. "मग झालं तर! शेवटी तेच झालं ना!"

"नाही," मी म्हटलं. "तेच नाही झालं."

त्याला ते कळलं नाही. फार भला माणूस होता, पण त्याला ते कळलं नाही. तो जिन्याशी बराच वेळ उभा राहिला, आणि मी वेली कापत राहिले. महिनाभराने त्यांचं सामान हलवलं. दोनदा तो नव्या इमारतीतून मला भेटायला आला. दोनदा मी वर्ग सोडून गेले नाही. पुढे त्याच्याच कारखान्यातल्या मुलीशी त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

पुढचा मे लागला. पाण्याच्या टाकीची सावली सरके तशी आम्ही स्टुलं सरकवत शिकत होतो. एका दुपारी त्या पुढच्या स्टुलावरच्या मुलीने विचारलं,

"बाई, दादा आता नाही का येणार?"

"नाही."

"का?"

"त्याला घर मिळालं."

तिने शहाण्यासारखी मान डोलावली. त्या वसाहतीत घर मिळण्याहून मोठी गोष्ट दुसरी नव्हती.

"मग बरंच झालं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "बरंच झालं." आणि स्टूल पुढे ओढलं.