बोटीवरची चरबी

हे मी घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुम्ही जरा जवळ सरकून बसा, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. पलीकडच्या खोलीत सासूबाई आहेत.

त्यांचे वडील मालवाहू बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. युद्ध चालू होतं. आपल्याच गावाच्या किनाऱ्यावरून दिसेल इतक्या अंतरावर त्या बोटीला पाणसुरुंग लागला आणि ती जळत जळत बुडाली. सासूबाई तेव्हा अगदी लहान. वडील सापडले का, कुठे पुरले, हे त्यांच्या घरी कुणी कळवलंच नाही. यंदा त्या अंथरुणाला खिळल्या, अन्न तुटलं, चमचाभर पाणी तेवढं घशाखाली उतरायचं. पण धोसरा एकच. "बाबा कुठे आहेत तेवढं बघून ये गं. मग मी सुखानं डोळे मिटीन."

"काहीतरी सांगून टाक की," नवरा म्हणाला. "आईला काय कळतंय आता?"

मला ते पटेना. जाणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. म्हणून एक दिवस सकाळची कामं उरकून मी बंदराच्या जुन्या कचेरीत गेले.

दप्तरखाना तळघरात. दार ढकललं आणि आधी वास आला. जुन्या कागदांचा वास मला आवडतो, पण हा तो नव्हता. हा जड, खवट होता, न घासता आठवडाभर तशीच झाकून ठेवलेल्या कढईसारखा. मळमळून तोंडात पाणी आलं. मी रुमाल नाकाशी धरला.

"या ताई, या!" दप्तरखान्याचे काका खुर्चीतून उठले. "इथे माणूस दिसणं म्हणजे माझी चंगळ. एरवी मी आणि झुरळं."

बोटीचं नाव सांगताच त्यांनी त्या वर्षाच्या वर्तमानपत्रांचं बाड काढलं. चामड्याची जाड बांधणी होती. मी ती धरली आणि बोटं सुळकन घसरली. काका अंगठा जिभेला लावून पानं उलटत होते. जीभ, पान, पुन्हा जीभ.

बातमी सापडली. बोटीत मेंढ्यांची चरबी होती, पिंपंच्या पिंपं. आग खालपर्यंत पोचली, चरबी वितळून समुद्रावर पसरली आणि थंड पाण्यात थिजली. किनाऱ्यावर एकही प्रेत लागलं नाही. चरबीचे गोळे मात्र कित्येक दिवस येत राहिले.

"माणसाएवढे गोळे होते म्हणे," काका रंगात येऊन सांगू लागले. "आमची आजी सांगायची ना! पांढरेफेक. युद्धामुळे बाजारात ना तेल, ना साबण. गावाची दिवाळीच झाली बघा. घरोघर कढया चढल्या. कुणी साबण केला, कुणी दिवे लावले. कुणी तळणसुद्धा…"

"आणि माणसं?"

"माणसं कुठे लागली, ताई? आत्ताच वाचलंत की."

जळत्या बोटीवरून माणसं उड्या टाकणार. खाली उकळती चरबी… आणि तिच्याखाली गार पाणी.

"काका… ते गोळे कुणी फोडून बघितले होते का? म्हणजे, आत…"

त्यांनी ओला अंगठा सदऱ्याला पुसला. मग हलकेच म्हणाले, "आजी म्हणायची, केस निघायचे. मेंढ्यांचेच असणार. गाळून घ्यायचे."

मी बाडावरचा हात काढून घेतला. बोटं चकचकत होती.

"हे कशानं पुसता तुम्ही?"

"पुसत नाही, चोळतो. खाऱ्या हवेत चामडं तडकतं ना! कचेरीनंही तेव्हा त्या चरबीचं एक पिंप ठेवून घेतलं होतं." टेबलाखालून त्यांनी डबा काढला. "त्यातलंच हे. माझ्या आधीच्यांनी वापरलं, त्यांच्या आधीच्यांनी वापरलं. संपतच नाही हो."

डब्याच्या काठाला काहीतरी चिकटलं होतं. मी बघितलं नाही. जिना कशी चढले आठवत नाही. बाहेर गटारावर वाकले आणि सकाळचं सगळं ओकून टाकलं.

घरी येऊन हात धुतले. साबण हातात घेतला आणि तो कशाचा बनतो हे आठवलं, तशी तो टाकून दिला. राखेनं घासले, लिंबू चोळलं, गरम पाण्यानं कातडी लाल झाली. वास गेला, पण बुळबुळीतपणा गेला नाही.

"आलीस?" सासूबाईंनी हाक मारली. "सापडले?"

जे रेटत नव्हतं ते शेवटी रेटलं. "हो, आई. किनाऱ्याला लागले होते. टेकडीवर पुरलंय त्यांना, झाडाखाली."

त्यांनी माझा हात चाचपून धरला, नाकाशी नेला. आणि काही कळायच्या आत माझं बोट तोंडात घातलं. चोखू लागल्या. तान्ह्या मुलासारख्या, चुटूचुटू. मी हात ओढला, पण त्या वाळक्या काटकुळ्या अंगात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे.

"आई, सोडा… अहो, सोडा ना…"

"बाबा घरी आले की बोटाला साखर लावून द्यायचे," त्या ओठ चाटत म्हणाल्या. "टेकडीवर कशाला जातील ते?"

त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागल्या. आता गाल भरलेत, दंड भरलेत. डॉक्टर म्हणतात, नवल आहे. नवरा मला म्हणतो, तुझ्या सेवेला फळ आलं. मी मान हलवते आणि त्यांच्या खोलीत श्वास रोखून जाते.

रोज सकाळी त्यांची चादर मी बदलते. त्यांचा घाम वाळत नाही. गार झाला की पांढरा थिजतो, उलथन्यानं खरवडावा लागतो. त्यांच्या अंगाचा आकार तसाच्या तसा उमटलेला असतो, कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला. तेही मी एक वेळ सहन केलं असतं. पण गेले काही दिवस त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, आणखी एक आकार उमटतो. उंच माणसाचा. त्यांना कुशीत घेऊन झोपल्यासारखा.