धुराड्याजवळची काच

सकाळी सहाला रत्नमालाचा फोन आला तेव्हाच कौमुदीला वाटलं, ही काही चांगली बातमी नसणार.

"ताई, दादाच्या डोक्यात धुराड्याच्या विटा पडल्या. शुद्ध नाही. सगळे म्हणतायत, त्यानंच कच्चं काम केलं."

रत्नमाला कुवेतमधल्या फिंतासच्या एका इस्पितळात नर्स होती. तिचा भाऊ शत्रुघ्न, मूळचा सावंतवाडीचा गवंडी, तीस वर्षं अहमदीतल्या जुन्या बंगल्यांची डागडुजी करत आला होता. इंग्रज तेलवाल्यांनी कधीकाळी आपल्या खेड्यातल्यासारखी घरं या वाळवंटात बांधली. उतरतं कौलारू छप्पर, ठेंगणी दारं आणि पन्नास अंशांच्या उन्हाच्या देशात शेकोटीसाठी विटांचं धुराडं. हौसेला मोल नसतं. त्यांतलं एकच घर आता मूळ रूपात उरलं होतं. नाशिकची वास्तुविशारद कौमुदी वारसा समितीसाठी त्याचीच मोजमापं घेत होती आणि शत्रुघ्न तिथंच कामाला होता.

आज बुधवार. उद्या बारा वाजता समितीच्या प्रमुख युसरा घराच्या अहवालावर सही करणार होत्या. घर धोक्याचं ठरलं की लगेच पाडकाम. मग पुरावाही मलब्यात जाणार आणि शत्रुघ्नच्या नावाला कायमचा बट्टा लागणार.

घरात शिरताच कौमुदीला नकोसं वाटलं. रविवारच्या धुळीच्या वादळापासून घरात झाडलोट झाली नव्हती. भिंतींवर, खिडक्यांवर पिवळसर धूळ बसली होती. धुराड्याच्या पायथ्याशी विटा विखुरल्या होत्या. शेकोटीच्या दगडी काठावर सुकलेलं रक्त होतं.

अहवाल देणारे इंजिनिअर विश्वासराव तिथं आधीच आले होते. पुण्याचे, पस्तीस वर्षं कुवेतमध्ये, मराठी मंडळींत मोठा मान. त्यांनी भिंतीतली भेग दाखवली. तिच्यावर काचेची अरुंद पट्टी होती. दोन्ही टोकं पांढऱ्या जिप्समनं चिकटवलेली, मधोमध तडा.

"भिंत हलली की काच तडकते," विश्वासराव म्हणाले. "गेल्या गुरुवारी शत्रुघ्ननं माझ्यासमोर बसवली. काल तडकलेली दिसली."

"बसवतात कशी, सर?"

"जिप्सम कालवायचं, दोन टोकांना लावायचं, वर काच दाबायची. सोपं आहे."

ते फोनवर बोलायला बाहेर गेले. कौमुदीनं जिप्समच्या गोळ्याला नख लावलं. तो वाळक्या खपलीसारखा हातात आला. तिनं तो उलटून पाहिला, मग रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

संशय घ्यायचा तर तो दिनकरवर घेता आला असता. पाडकामाचा ठेका त्याचा. घरातल्या सागवानी दारांसाठी त्यानं अर्दियातल्या गोदामात आधीच जागा केली होती. शत्रुघ्नशी त्याचं भांडणही झालं होतं. कौमुदी गोदामात गेली तर तो उर्मटपणे म्हणाला, घर मी पाडणार होतो, माणूस नाही. तिनं त्यालाही काच बसवण्याबद्दल विचारलं.

"आधी भिंत धुवायची, ताई. पाणी मारल्याशिवाय थापी लावायची नाही. मी पंधरा वर्षं गवंडीकाम केलंय, झोपेतसुद्धा हात आधी पाण्याकडे जाईल."

इस्पितळात रत्नमाला कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"जखम कुणी धुतली?" कौमुदीनं विचारलं.

"मीच. विटेचा एक कणही नव्हता, ताई. केसांतसुद्धा नाही."

तिनं भावाचा जेवणाचा डबा पुढे केला. आत भाकरीच्या फडक्यात काचेची एक अखंड पट्टी होती. टोकांच्या जिप्समवर खिळ्यानं कोरलेली गुरुवारची तारीख होती.

गुरुवारी बारा वाजता सगळे त्या खोलीत जमले. युसरांच्या हातात पेन होतं, शेजारी पोलीस अधिकारी. विश्वासराव सहज उभे होते. दिनकर भिंतीला टेकला होता.

कौमुदीनं आधी इंग्रजीत युसरांना सगळं समजावलं. भिंतीवरची तडकलेली काच गुरुवारची असूच शकत नाही. तिनं रुमाल उघडला. जिप्समच्या मागच्या बाजूला पिवळी धूळ चिकटली होती. वादळ रविवारी झालं. म्हणजे ही काच धुळीवर, वादळानंतर बसवलेली आहे. खरी काच डब्यातली. ती अखंड आहे, म्हणजे भिंत हललेलीच नाही.

मग ती विश्वासरावांकडे वळून मराठीत बोलू लागली.

"सर, ही काच गवंड्यानं बसवलेली नाही. गवंडी भिंत धुतो. दिनकरभाऊंनीही धुतली असती. हे काम ज्याला सगळं माहीत आहे, पण ज्यानं कधी थापी धरली नाही, अशा माणसाचं आहे. आणि ही गुरुवारी बसली असं लिहून देणारे तुम्ही एकटेच."

कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हेच.

"तुम्ही काढून फेकलेली काच शत्रुघ्नदादांना कचऱ्यात सापडली," ती म्हणाली. "त्यांनी जाब विचारला. त्यांचं डोकं विटांनी नाही, त्या दगडी काठानं फुटलं. विटा नंतर पाडल्या."

"मी नुसतं ढकललं," विश्वासरावांचा आवाज बसला. "साठ उलटलीत माझी. इथं नवा टॉवर उभा राहिला असता तर त्या कामावर इकामा, इथं राहायचा परवाना, वाढला असता. नाहीतर पस्तीस वर्षांनी बॅग भरायची, आणि जायचं कुठं? तो शुद्धीवर आला की मी त्याची माफी मागेन."

कौमुदीला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला.

"ते आज पहाटेच गेले, सर."

मग तिनं त्यांची कबुली इंग्रजीत सांगितली. युसरांनी पेनाला टोपण लावलं. अधिकाऱ्यानं विश्वासरावांच्या दंडाला धरलं.

पंधरवड्यानं समितीनं भेगेवर नवी काच बसवायला सांगितलं. जिप्सम दिनकरनं कालवलं. त्याचा हात पाण्याकडे गेला तशी रत्नमाला पुढे झाली.

"थांबा," ती म्हणाली, आणि ओंजळीनं पाणी घेऊन तिनं भिंत धुतली.