चार सतराची शिटी

१३ जून १९५४, रविवार. दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी साओ जेरार्दोच्या रेल्वे कामगार क्लबचा गोलरक्षक जुरांदिर भर सामन्यात गोल सोडून चालत निघाला, आणि त्याच्या पाठीमागे चेंडू रिकाम्या जाळ्यात गेला.

सामना जिल्हा चषकाचा, अंतिम. समोर पिठाच्या गिरणीवाले. तोवर शून्य-शून्य होतं. मग वेळापत्रकात नसलेल्या कॉफीच्या मालगाडीने वळणावरून दोन लांब शिट्या दिल्या. जुरांदिर पोटासाठी रेल्वेचा फाटकवाला. त्याचं फाटक मैदानाच्या टोकापासून चाळीस पावलांवर. नऊ वर्षं दोन लांब शिट्या ऐकल्या की त्याचे पाय उठत, तसेच ते उठले. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

गोल आणि फाटक यांच्या मधोमध रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगावर दाल्वा वही घेऊन बसली होती. रेल्वेच्या कारखान्याच्या कचेरीत ती टंकलेखिका. क्लबला पंचवीस वर्षं होत होती, आणि इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम समितीने तिच्या गळ्यात घातलं होतं. शेवटचं पान या सामन्यासाठी कोरं ठेवलेलं.

समोर हातमोजे घातलेला उंच माणूस येऊन उभा राहिला.

"बाई, जरा बाजूला व्हा," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडी येतेय."

ती उठली. का उठली ते तिला सांगता आलं नसतं. तो आवाज असा होता की माणसाने उठावं. मग दोघांनी एकदमच फाटकाकडे पाहिलं. फाटक बंद होतं. जुरांदिरच्या जागी त्या दिवसापुरते आलेले म्हातारे बेनेदितो हिरवं निशाण धरून ताठ उभे होते. आणि मागे गिरणीवाल्यांचा जल्लोष उसळला.

जुरांदिर स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"अरेरे..." एवढंच तो म्हणाला. तेही तिलाच.

सामना एक-शून्य गेला.

साऱ्या गावाला शिटी वाजवता येते हे त्या आठवड्यात कळलं. न्हावी वाजवी, पाववाला वाजवी, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या सभ्य बायकासुद्धा ओठांचा चंबू करत. दोन लांब. जुरांदिर मान खाली घालून जाई.

मंगळवारी दाल्वा फाटकावर गेली. तिकडे जूनमध्ये हिवाळा असतो; त्याचं पातळ ऊन पडलं होतं, आणि इंजिनांच्या सरपणासाठी लावलेल्या निलगिरीच्या रांगेतून वारा वास घेऊन येत होता. जुरांदिर केबिनीत कॉफी गाळत होता.

"शिटी वाजवायला आलात?"

"मला येत नाही. माहिती घ्यायला आलेय."

"मग आधी कॉफी घ्या. माहिती कडू आहे."

तिने वही उघडली. नाव, वय, नोकरी. त्याने सगळं सांगितलं. मग मान वाकडी करून वहीत डोकावला.

"सगळ्यांनाच वय विचारता?"

"सगळ्यांनाच."

"आणि लग्न झालंय का, ते?"

"ते पुस्तिकेत येत नाही."

"तरी लिहून ठेवा. झालेलं नाही."

दाल्वाने खाली मान घालून काहीतरी लिहिलं. नंतर पाहिलं तर तिने खरंच ते लिहिलं होतं.

"पुस्तिकेत काय काय आहे?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. एकोणतीस साली बॉयलर विभागातल्या माणसांनी इंजिनांची राख टाकायच्या जागेवर पहिलं मैदान केलं. गुडघे आठवडाभर काळे राहत. गोलचे खांब म्हणजे झिजलेले रूळ. संस्थापकांच्या कागदावर सह्या नऊ. पण आमच्या आजोबांनीच क्लब काढला असं सांगणारी घरं तिला आतापर्यंत सव्वीस भेटली होती.

"मग सव्वीस लिहा! लोक खूश होतील."

"सह्या नऊ आहेत."

तो हसला. रविवारनंतर पहिल्यांदा, असं तिला वाटलं... आणि ते आपल्याला का वाटावं, हे काही तिने वहीत लिहिलं नाही.

निघताना तो म्हणाला, "तुमच्या शेवटच्या पानाला एक ओळ आणखी लागेल. मी काल बदलीचा अर्ज टाकला. पश्चिमेच्या सरहद्दीवरच्या स्टेशनावर. दोन दिवसांचा प्रवास आहे."

"आणि क्लब?"

"या विभागात नोकरी असेल तोच क्लबात खेळतो. नियम चौथा. तुम्हीच टंकलिखित केलाय."

केला होता. पण तो कुणाला कधी लागू होईल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

गुरुवारी क्लबचे अध्यक्ष आन्सेल्मोकाका कचेरीत आले. हात बॉयलरने भाजलेले, आवाज त्याहून जाड.

"पोरी, तू तिथे बसली होतीस ना? फाटक उघडं असेल तर सांग! आमचा गोलरक्षक गाडीखाली जाणारं माणूस वाचवायला धावला, असं झालं तर अख्खं गाव त्याला खांद्यावर घेईल. मग तो कशाला जातोय?"

"काका, मी—"

"घाई नाही. नीट आठव," काका म्हणाले, आणि पेरूच्या वडीचा तुकडा टेबलावर ठेवून गेले.

फाटकाकडे त्या क्षणी कुणी पाहिलं नव्हतं. सगळे चेंडूकडे बघत होते. खरं काय ते तिघांना ठाऊक होतं. नऊ सह्यांसाठी सव्वीस घरांशी भांडलेल्या दाल्वाने यंत्रात कागद चढवला आणि एका दमात लिहिलं : 'फाटक उघडे होते.'

शुक्रवारी संध्याकाळी ती तो कागद घेऊन फाटकावर गेली. त्याने उभ्यानेच वाचला. दुसऱ्यांदा वाचला.

"फाटक बंद होतं, दाल्वाबाई."

"कुणाला माहितेय?"

"बेनेदितोकाकांना माहितेय. त्या दिवशी फाटक त्यांच्या ताब्यात होतं. त्यांना निवृत्तीला तीन महिने राहिलेत. हे छापलं तर उद्या साहेब विचारतील, फाटक उघडं का ठेवलं? मी शूर होईन, आणि ते?"

दाल्वाचे कान तापले. बेनेदितोंचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. बाराशे ओळींच्या पुस्तिकेत तिने एक ओळ खोटी लिहिली होती, आणि तिच्याखाली एक सरळ माणूस चिरडला जात होता.

"तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. रागाने नाही. ते जास्त लागलं. "का लिहिलंत?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

"क्लबसाठी?"

"क्लबला मिळेल हो दुसरा गोलरक्षक! मला—"

वळणावरून दोन लांब शिट्या आल्या.

जुरांदिरने एक बोट वर केलं. "थांबा. तिथेच थांबा. एक शब्द हलवू नका."

तो धावला. फाटक लावलं, साखळी अडकवली, निशाण धरलं. संध्याकाळची प्रवासी गाडी आली ती घाई नसल्यासारखी. सहा डबे. दाल्वाने सहाही मोजले. खिडकीतून कुणीतरी संत्र्याची साल टाकली. कुणी जुरांदिरला पाहून शिटीही वाजवली. तो निशाण धरून निश्चल उभा होता, फक्त मान तेवढी तिच्याकडे वळलेली. शेवटचा डबा गेला. त्याने फाटक उघडलं, खटारा घेऊन खोळंबलेल्या माणसाला जाऊ दिलं, आणि धापा टाकत परत आला.

"हं. तुम्हाला काय?"

"आता नाही सांगता येणार. गाडी गेली."

"दुसरी सव्वासातला आहे. तोवर वेळ आहे."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरले. "मला नाही मिळणार दुसरा," ती म्हणाली.

त्याने निशाण काखेत धरलं, तळवा पँटला पुसला आणि तिचा हात हातात घेतला. तरी तेलाचा काळा ठसा तिच्या बोटांवर उमटलाच.

"मी मंगळवारपासून अर्ज मागे घ्यायचा विचार करतोय," तो म्हणाला. "कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळत नव्हतं."

"पहिल्या अर्जात काय लिहिलं होतंस?"

"हवापालट."

"खोटारडा!"

"तू मला म्हणतेस?"

शनिवारी सकाळी तिने शेवटचं पान पुन्हा टंकलिखित केलं : 'चार वाजून सतरा मिनिटांनी शिटी झाली. गोलरक्षक फाटकाकडे गेला. फाटक बंद होते.' आन्सेल्मोकाकांनी भाजलेलं बोट ओळींवरून फिरवत ते वाचलं. मग म्हणाले, "बॉयलरवाल्यांच्या क्लबात शिटीला न उठणारा गोलरक्षक कुठून येणार?" आणि पान छापायला पाठवलं.

मग दाल्वाने दुसरा अर्ज चढवला. अर्ज मागे घेण्याचा. कारणाच्या रकान्याशी बोटं थांबली.

"खरं तेच लिही," खुर्चीमागून जुरांदिर म्हणाला.

तिने लिहिलं : 'टंकलेखिका, साओ जेरार्दो कारखाना.'

"साहेब हसतील," तो म्हणाला.

"हसू देत. आणि बदली झालीच तर तिकडेही कचेरी असेल, कचेरीत यंत्र असेल. मी येईन. क्लब नसला तर काढू."

पहिला अर्ज सोमवारी गेला होता, दुसरा शनिवारच्या टपालाने गेला. मुख्य कचेरीत त्यातला कुठला कुणाच्या हाती आधी पडला, याची माहिती नाही. पुस्तिका छापून आली. गावातल्या शिट्या कमी झाल्या आहेत. न्हावी मात्र अजून वाजवतो.

आज, तीस जून. सकाळच्या टपालाच्या पिशवीत साओ जेरार्दोसाठी चार पाकिटं होती. तीन कारखान्याची. चौथ्यावर मुख्य कचेरीचा शिक्का आणि जुरांदिरचं नाव आहे. ते स्टेशनमास्तरांच्या टेबलावर पडून आहे. मास्तर बैठकीला गेलेत. दुपारी दोनपर्यंत येतील.